ऐंशी मिलीग्रॅम

फुंकणी तोंडात धरून
माणूस जेवढा वाकतो
तेवढा मी अठ्ठावीस वर्षं वाकलेलो आहे,
पारोळ्याच्या सराफ गल्लीत, बागेसरीपुढे, मांडी घालून.
आता डाव्या कुल्ल्यातून एक तार निघते
आणि अंगठ्यापर्यंत लाल होते,
नुसतं शिंकलो तरी.

धुळ्याला भारंबे डॉक्टरबाईंनी
फिल्म उजेडावर धरली.
चौथ्या-पाचव्या मणक्यातली गादी सरकलीय,
शेजारची नस सुजलीय.
त्या सुजेपाशीच सुई न्यायची, म्हणाल्या,
स्टिरॉइड सोडायचं.

शालिक, माझा मेहुणा, खुर्चीतून उठलाच.
हाडांचा भुसा होतो म्हणे त्यानं,
तालमीतली पोरं घेतात ते हेच ना?
ते वेगळं, बाई म्हणाल्या.
आणि हेही सारखं सारखं घ्यायचं नसतं.

मणका सांधेल?
नाही.
गादी आत जाईल?
सुईनं नाही. शरीर हळूहळू जिरवतं कधी कधी.
मग?
सूज उतरेल. तोवर तुम्ही चालाल.

किती, मी विचारलं.
त्या पैसे सांगू लागल्या.
मी वजन विचारत होतो.

ऐंशी मिलीग्रॅम.
म्हणजे गुंजेहून कमी!
अंगठीला कानस मारताना
एवढं तर माझ्या मांडीवर सांडतं.

येताना गाडीत शालिक बोलत राहिला.
माझ्या डोक्यात टाकणखार होता.
तो लावल्याशिवाय डाग वाहत नाही, जोडात शिरत नाही,
पण टाकणखाराचा कोणी दागिना करत नाही.
एवढं कळलं, आणि मी तारीख घेतली.

पालथा झोपलो, पोटाखाली उशी.
पाठीवर काहीतरी गार पुसलं.
आधी बधिर करणारी सुई, मुंगी चावल्यासारखी.
मग पडद्यावर माझीच हाडं राखाडी,
आणि त्यांच्यामधून वाट काढणारी एक बारीक रेघ.
तारकाम करणाऱ्याचा हात होता बाईंचा,
श्वास धरून चालणारा.
आता दाब वाटेल, म्हणाल्या.
दाब थेट अंगठ्यापर्यंत गेला,
जुना पत्ता पाठ असल्यासारखा.
हीच का वाट?
हीच, मी उशीत म्हणालो.

दोन तास पाय कोणा दुसऱ्याचा होता.
रात्री तोंड तापलं, साखर दोनशे नव्वद
(हे त्यांनी आधीच सांगितलं होतं,
गोळ्यांचा कागद कुमुदच्या पदराला होता).
झोप नाही. पंखा गरम वारा कापत होता.
अंधारातून कुमुद:
दुखस का आते?
दुखस.

दुसऱ्या दिवशी दुखस.
तिसऱ्या दिवशी शालिक म्हणाला, पैसे पाण्यात.

चौथ्या दिवशी चपलेचा अंगठा वाकून नीट केला
आणि दाराबाहेर गेल्यावर लक्षात आलं
की मी वाकलो होतो.
कुमुदनं विचारलं तेव्हा
थांब, पाहू दे, म्हणालो,
खिसे चाचपतात तसा स्वतःला चाचपत.

बाईंनी फोनवर आनंद केला नाही.
हे दिवस उसने आहेत, म्हणाल्या,
चाला, पाठीचे व्यायाम करा,
आणि त्या मांडीवरून उठा.

मांडीवरून उठणं.
आमच्यात आजवर कोणी खुर्चीत बसून सोनं घडवलेलं नाही.
सुताराकडून उंच टेबल आणलं,
त्यावर वडिलांची ऐरण चढवली.
पहिल्या घावाला तिचा आवाज पोकळ आला,
खाली जमीन नव्हती ना.
पायांना कुठे जावं कळेना, नुसते लोंबत राहिले.
गिऱ्हाइकं हसली.
हसू दे.

त्रेसष्टाव्या दिवशी अंगठ्यात जराशी ऊब.
वहीत तारीख लिहिली,
कुमुदला नाही सांगितलं.
ती विचारेलच.

दिवाळीआधी झारेकरी आला, दुकानाची धूळ न्यायला.
नेहमीच्या जागी बसला, ब्रश फिरवला,
हात थांबला.
मामा, इथे काहीच पडत नाही आता.
वर बसतो, मी म्हणालो.
त्यानं टेबलाकडे पाहिलं, माझ्या पायांकडे पाहिलं,
आणि काही न बोलता
लांबपर्यंत झाडू लागला,
पार उंबऱ्यापर्यंत.